घरचा पंच

आमच्या क्रिकेटच्या संघाबद्दल कुणी विचारलं, की मी चटईची गोष्ट सांगतो. खेळपट्टीवर अंथरायची ती काथ्याची अवजड चटई टांग्यात मावायची नाही. मग दोघेजण तिचं शेपूट उचलून टांग्यामागे धावायचे, आणि चढ आला की घोडा अडून बसायचा. लोक हसतात, आणि हसले की पुढचं विचारत नाहीत. इतकी वर्षं मी असाच सुटत आलो. इगतपुरीच्या सामन्याबद्दल तर मला तोंडच उघडावं लागत नाही. ती गोष्ट दुसरेच सांगतात, माझ्यादेखत, माझं कौतुक म्हणून. मी मान खाली घालतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

मागच्या दिवाळीत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. तिथेही तीच गोष्ट निघाली. सरांनी पंच असताना आपल्या जिवलग मित्राला बाद दिलं, हातातला सामना घालवला, पण खोटं बोलले नाहीत. मित्र मात्र भर मैदानात भांडायला उठला, आणि त्याच्या त्या उद्धटपणानं संघ मोडला. टाळ्या झाल्या. मी अंगावरची शाल सारखी करत बसलो. त्या संघातलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मी बोललो नाही तर हेच खरं म्हणून मागे राहील. म्हणून लिहायला बसलो आहे.

एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. मी मॅट्रिक होऊन नाशिकच्या एका वकीलसाहेबांकडे कारकुनी करत होतो. साहेब मुंबईला शिकलेले. तिथून त्यांनी वकिलीची सनद आणली आणि क्रिकेटचं वेडही आणलं. गावात क्रिकेट खेळणारे होते, पण ते गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळवंटात, फळकुटं आणि चिंध्यांचा चेंडू घेऊन. साहेबांनी त्यांतले धडधाकट गोळा केले, स्वतः कप्तान झाले आणि गावाबाहेरच्या माळावरचे दगड वेचायला आम्हाला लावलं. सकाळी दगड वेचायचे आणि संध्याकाळी खेळायचं, असा आमचा पहिला हिवाळा गेला.

संघ म्हणाल तर सगळी खिचडी होती. यष्टिरक्षक तांबट होता. भांडी ठोकून त्याच्या तळव्यांना इतके घट्टे पडलेले, की हातमोजे घातले तर त्याला चेंडू कळायचा नाही. एक पेढीवरचा गुजराती होता, तो उन्हात टोपीखाली ओला रुमाल ठेवायचा. दोघे शाळामास्तर होते. आणि एक होता कलईवाल्यांचा मुलगा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे.

तो डावखुरा. त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. लहानपणापासून मी त्याला एकाच कामात पाहिलेलं. तापलेलं पातेलं चिमट्यात धरून, कापसाच्या बोळ्यानं त्यात कथील फिरवायचं. मनगटाच्या एका वळणात काळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. बॅट हातात आली तेव्हा त्यानं तेच मनगट वापरलं. जोर असा लावायचाच नाही. चेंडू आला की भांडं फिरवावं तशी बॅट फिरायची, आणि चेंडू माळापलीकडच्या बाभळींत.

"अरे, हे क्रिकेट आहे की कलई?" साहेब ओरडायचे.

"साहेब, भांडं चकाकल्याशी मतलब," तो म्हणायचा.

मला तो भटजी म्हणायचा आणि मी त्याला मियाँ. आज हे शब्द लिहिताना हात थबकतो, पण तेव्हा त्यांत लाडाशिवाय काही नव्हतं. सामन्याच्या दिवशी त्याची आई दोन पुरचुंड्या द्यायची. त्याच्यासाठी भाकरी आणि खिमा असे, माझ्यासाठी भाजलेले दाणे आणि गूळ. "त्याच्या घरी कळलं तर त्याला जेवायला वेगळं बसवतील," असं त्या माझ्याबद्दल म्हणायच्या. माझ्या धर्माची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती. मी दाणे खायचो आणि त्याच्या भाकरीचा तुकडाही. ते त्याच्या आईला कधी कळलं नाही आणि माझ्या आईलाही नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात नाशिकरोडच्या एका व्यापाऱ्यानं बक्षीस म्हणून ढाल ठेवली. चार संघ होते. एक आमचा, एक देवळालीचा, एक निफाडचा आणि एक इगतपुरीच्या रेल्वेवाल्यांचा. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. निफाडची माणसं धोतरं खोचून खेळत, पण बेरकी. मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हाला गुऱ्हाळावर नेलं आणि इतका रस पाजला की नंतर आमच्या गोलंदाजांना धावता येईना. "पाव्हनं, अजून येक गिल्लास घ्या की, लाजू नका," असा आग्रह चाललेला, आणि त्यांचे स्वतःचे खेळाडू मात्र रसाला शिवत नव्हते. हे आमच्या ध्यानात परतीच्या वाटेवर आलं. तो सामना आम्ही हरलो. देवळालीला मात्र हरवलं. राहिला इगतपुरीचा सामना. तो जिंकला तर ढाल आमची होती.

पण आमच्या डावखुऱ्याला ढालीचं काही नव्हतं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नदीच्या घाटावर बसलो होतो. त्यानं मला सांगितलं, की इगतपुरीच्या लोको शेडचा गोरा साहेब सामना बघायला येणार आहे. त्याला रेल्वेच्या संघासाठी एक चांगला फलंदाज हवा आहे. जो पसंत पडेल त्याला शेडमध्ये फिटरच्या हाताखाली कायमची नोकरी मिळणार. वकीलसाहेबांनीच शब्द टाकला होता.

"नोकरी लागली ना भटजी, तर पहिल्या दिवशी घरी येऊन अब्बांची भट्टी विझवतो," तो म्हणाला.

त्याच्या वडिलांची छाती नवसागराच्या धुरानं भरली होती. कलई करताना तापल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो. तो धूर त्यांनी जन्मभर ओढला होता. रात्री त्यांचा खोकला आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. म्हातारा काम सोडायला तयार नव्हता, कारण सोडलं तर घर एका हातावर आलं असतं. मुलगा नोकरीला लागल्याशिवाय ते शक्य नव्हतं. त्या सामन्यात काय पणाला लागलं होतं, हे मला पुरतं माहीत होतं. अज्ञानात चूक झाली असं मला म्हणता येणार नाही.

त्या काळी आमच्या सामन्यांना बाहेरचे पंच नसत. ज्या संघाची फलंदाजी असेल, त्याचेच दोघेजण पंच म्हणून उभे राहायचे. साहजिकच भांडणं व्हायची. 'घरचा पंच' ही मैदानावरची सगळ्यांत मोठी शिवी होती. मी फलंदाज बेताचा, पण नियम तोंडपाठ. त्यामुळे आमची फलंदाजी असली की पंच मी, हे ठरून गेलेलं. मला त्याचा अभिमान होता. माझ्या निर्णयावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि कुणी ठेवू नये याची मला फार काळजी असायची. ही काळजी आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

इगतपुरीला घाटातून वारा येतो. सकाळी आम्ही चटई अंथरली, तर तिची कड फडफडायला लागली. मग कडेनं जास्तीचे खिळे ठोकले. लांबलचक लोखंडी खिळे, मोठ्या डोक्याचे. एका बाजूचे खिळे मी स्वतः ठोकले. खाली मुरूम आणि त्याखाली कातळ, त्यामुळे खिळे पूर्ण आत जाईनात.

त्यांनी आधी फलंदाजी केली. मग आम्ही उतरलो. आमचे गडी पटापट गेले, पण डावखुरा उभा राहिला. मंडपात खुर्चीवर बसलेल्या गोऱ्या साहेबानं तोंडातला पाइप काढून हातात घेतला, हे मी पाहिलं. मला वाटलं, काम झालं.

रेल्वेवाल्यांनाही ते दिसत होतं. त्यांनी माझ्या मागे लागायला सुरुवात केली. एकदा चेंडू पॅडवर लागला, तो यष्टीच्या बाहेर जात होता. मी मान हलवली. एकदा यष्टिरक्षकानं जमिनीवरून उचलून झेल म्हणून ओरडा केला. मी मान हलवली. दोन्ही निर्णय बरोबर होते, आजही तेच देईन.

"ओ नाशिककर, मानेला काय झालंया? आडवीच हालतीया!"

"घरचा पंच हाय बाबा. त्याचं बोट घरी ठिवून आलाय."

"गळ्यात जानवं हाय न्हवं? मग त्याला हात लावून सांग की खरं काय ते!"

लोक हसले. मंडपातही हसले. माझे कान तापले. डावखुरा बॅटीनं चटई ठोकत होता, तिथून तेवढ्यात त्यानं हाक मारली. "भटजी, इथला कडेचा खिळा वर आलाय. बॅट लागतीये." आणि दाखवायला त्यानं बॅटीचं टोक खिळ्यावर आपटलं. टक असा कोरडा आवाज झाला. हसण्याच्या गोंधळात माझ्याशिवाय कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. यष्टिरक्षक तेव्हा चेंडू आणायला मागे गेलेला होता. गोलंदाज पाठ करून आपल्या धावेच्या सुरुवातीकडे चालला होता.

मी म्हणालो, "ओव्हर संपू दे. मग ठोकतो."

आणखी वेळ काढला असता तर रेल्वेवाले पुन्हा बोलले असते. एवढ्यासाठी मी थांबलो नाही.

पुढचा चेंडू बाहेरच्या बाजूनं आला. डावखुरा पुढे वाकला, बॅट खाली फिरली, टक आवाज झाला आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. सगळं मैदान एका तोंडानं ओरडलं.

तो आवाज कशाचा हे मला माहीत होतं. चेंडू आणि बॅट यांच्यात वीतभर उजेड मी पाहिला होता. विचार करायला वेळ मिळाला नाही असंही नाही. त्या क्षणात मी एकच विचार केला, की तिसऱ्यांदा मान हलवली तर हे लोक काय म्हणतील. आणि माझं बोट वर गेलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आधी तो हसलाच. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाला, "अरे, खिळा होता तो. आत्ता दाखवला ना तुला?"

मी बोट खाली घेतलं नाही.

"भटजी, खिळा!" त्याचा आवाज चढला. "लागलेलीच नाही. ये इकडे, बघ!" तो बॅटीनं खिळा ठोकून दाखवायला लागला. टक, टक. पण आता ते सगळ्यांना हट्टी पोरासारखं दिसत होतं. रेल्वेवाले हाताची घडी घालून उभे राहिले. "आता घरच्याच पंचानं दिलंय की रं," कुणीतरी म्हणालं. शेवटी वकीलसाहेब मैदानात आले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला घेऊन गेले. निर्णय मागे घेता येतो, हा नियमही मला पाठ होता.

थोड्याशा धावांनी आम्ही हरलो. सामना संपल्यावर रेल्वेवाल्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मघाशी ज्यानं जानव्यावरून टोमणा मारला होता, त्यानं येऊन माझा हात हातात घेतला. "पंचसाहेब, माफी करा. आसला मानूस नाय बघितला."

मी मंडपाकडे गेलो. खरं सांगतो, सगळं बोलून टाकायचं म्हणूनच गेलो होतो. पण गोरा साहेब खुर्चीतून उठला आणि त्यानं माझ्याशी हस्तांदोलन केलं. माझ्याशी असं वागलेला तो पहिला गोरा माणूस. सगळे बघत होते. मला ते आवडलं. इतकं आवडलं, की ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं. साहेबाच्या कारकुनानं वकीलसाहेबांना सांगितलेलं मी तिथंच उभा राहून ऐकलं. "साहेब म्हणतात, हात चांगला आहे. पण घरच्या माणसाचा निर्णय जो मानत नाही, तो फोरमनचं काय ऐकणार?"

परतीच्या गाडीत डावखुरा खिडकीशी बसला होता. घोटी स्टेशन गेल्यावर तो माझ्या बाजूला येऊन बसला. हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं त्यानं विचारलं, "खिळा आहे हे कळलं होतं ना तुला?"

मी म्हणालो, "मला बॅटीचा आवाज आला."

त्यानं मान हलवली. मग पिशवीतून माझी पुरचुंडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "खा. अम्मी विचारेल," म्हणाला, आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसला. ते दाणे मी खाल्ले.

पुढच्या हिवाळ्यात तो खेळायला आला नाही. भट्टीवर आता तोच बसायचा. त्याचे वडील दारात बसून खोकायचे. वकीलसाहेबांनी दोनदा निरोप धाडला. मग एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, "त्या लोकांना शिस्त कुठे असते?" तांबट तेवढा भडकला. "शिस्तीचं मला सांगू नका. तो लागली नाही म्हणाला ना, मग नसेल लागली," म्हणून उठून गेला. मी तिथं बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुष्कळ काही सावरलं असतं. मी चटईला पडलेल्या भोकाबद्दल काहीतरी विचारलं. तांबट गेला तो पुन्हा आला नाही, आणि मग दोघे-तिघे करत सगळेच गळाले. आमचा संघ असा मोडला. डावखुऱ्याच्या उद्धटपणानं नव्हे.

मला मात्र त्या सामन्यानं शाळेतली नोकरी दिली. वकीलसाहेबांनी माझी गोष्ट एका हेडमास्तरांना सांगितली. ते म्हणाले, असाच माणूस मुलांसमोर उभा राहायला हवा. एका नोकरीची आशा त्या दिवशी मैदानावर होती. ती त्याला मिळायची होती आणि नोकरी मिळाली मला.

त्याचे वडील त्याच वर्षी गेले. त्यानं दुकान बंद केलं आणि आईला घेऊन मामाकडे मालेगावला गेला, मागावर काम करायला. निघताना भेटायला आला होता. मी घरात असून नाही म्हणून सांगायला लावलं.

मग संसार, शाळा, मुलं, निवृत्ती. बायको गेली त्यानंतर एका सकाळी मी एसटीत बसलो आणि मालेगावला गेलो. वाटेत वाक्यं घोकत होतो. बॅट लागली नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं. मला माफ कर. पोरानं पाठांतर करावं तसं, ओठ हलवत. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

घर सापडायला वेळ लागला नाही. सगळ्या गल्लीत मागांचा खडखडाट होता, त्यामुळे दारातून ओरडावं लागलं. तो बाहेर आला. दाढी पांढरी झालेली, पाठ वाकलेली. क्षणभर बघत राहिला आणि मग, "भटजी!" म्हणून त्यानं मला मिठीच मारली. आतून नातवंडं धावत आली. सून चहा ठेवू का विचारायला आली, तर तो तिला म्हणाला, "दूध ज्यादा डालना." आणि मला म्हणाला, "आता आमच्याकडचं चालतं ना उघड उघड?"

नातवंडांना त्यानं सांगितलं, "ये मेरे दोस्त. नाशिकचे सगळ्यांत इमानदार पंच."

मी त्याच्या डोळ्यांत टोमणा शोधला. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मोठा नातू म्हणाला, "वही वाले, दादा? जिन्होंने आपको आउट दिया था?"

"वही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत मराठीत म्हणाला, "लागली होती रे थोडीशी. मीच तेव्हा पोरकटपणानं भांडलो. ह्यांना मी नेहमी सांगतो, पंचानं बोट वर केलं की चालायला लागावं."

तो मला वाचवत होता. आपल्याच नातवंडांसमोर स्वतःला खोटं ठरवून पाहुण्याची लाज राखत होता. हे किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक. आणि मी काय केलं? कपबशी हातात घेऊन मान डोलावली. मुलांना वाटलं मी त्याला दुजोरा दिला. खरं तर दिलाच. पहिल्या खोट्याला निदान वारा आणि ओरडा होता. ह्या खोट्याच्या वेळी मला कुणाचीच भीती नव्हती.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. मला ते पावसाळ्यात, मालेगावहून आलेल्या एका माणसाकडून कळलं.

त्या दिवशी मला सोडायला तो स्टँडपर्यंत चालत आला. नको म्हटलं तरी ऐकेना. चालताना त्याला धाप लागत होती आणि खोकला येत होता, त्याच्या वडिलांना यायचा तसाच. मी बसमध्ये खिडकीशी बसलो. तो खाली गजाला धरून उभा राहिला. गल्लीतल्या खडखडाटात नाही तर इथं तरी बोलता येईल, असं मला वाटलं. मी पुढे वाकलो. कंडक्टरनं घंटी दिली. तो गज न सोडता दोन पावलं बसबरोबर चालला.

"काही म्हणत होतास?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "खोकल्यावर औषध घे."